महाकाय कासवाचा चालता संच : पहिल्या गिअरसाठी घ्यावा, तिसऱ्यासाठी नव्हे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील शैक्षणिक खेळण्यांच्या एका दुकानात १,८५० रुपयांना मिळणारा ‘महाकाय कासव’ हा जोडणी-संच सहावीत शिकणाऱ्या नातीसाठी घेतला आणि तिने तो जोडल्यानंतर सुट्टीभर फरशीवर, गॅलरीत आणि सतरंजीवर चालवून पाहिला, त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे. सुट्या भागांतून २४ सेंटिमीटर लांबीचे कासव उभे करायचे, त्याच्या पोटातल्या गिअरची जागा बदलून ते तीन वेगांनी चालवायचे आणि सोबतच्या पुस्तिकेतून हिंदी महासागरातील अल्डाब्रा व प्रशांत महासागरातील गॅलापागोस बेटांवरील अजस्र कासवांची माहिती घ्यायची, असा या संचाचा एकंदर बेत आहे. खोक्याच्या झाकणावर ‘खऱ्या कासवाच्या वेगाने चालते’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. एखाद्या वस्तूने स्वतःहून असा मोजता येण्याजोगा दावा केला, की तो मोजून पाहणे हे ग्राहकाचे कामच ठरते.

जोडणीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. भाग प्लास्टिकच्या चौकटीतून कापून काढावे लागतात, कापल्या जागी राहिलेली कूस बारीक पॉलिश पेपरने घासावी लागते आणि ती नीट घासली नाही, तर क्रँक, म्हणजे पाय हलवणारा वाकडा दांडा, फिरताना कुरकुर आवाज येतो. सूचनापत्रातील आकृत्या स्वच्छ आहेत. फक्त एका ठिकाणी लक्ष ठेवावे: डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांच्या बरोबर उलट, म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने बसले पाहिजेत, आणि नेमकी हीच गोष्ट आकृतीत लहानशा बाणाने उरकली आहे. ते क्रँक सारख्याच दिशेने बसले, तर पुढचे दोन्ही पाय एकदम उचलले जातात आणि कासव नाकावर आपटते. पेचकस संचात आहे, सेल मात्र वेगळे घ्यावे लागतात.

आता वेगाकडे वळू. हल्लीच्या घरांत दोन फुटी फरशी असते, म्हणजे एक फरशी ६० सेंटिमीटरची धरता येते, आणि हातात घड्याळ घेऊन बसले की दुसऱ्या कोणत्याही साधनाची गरज उरत नाही. पहिल्या गिअरमध्ये हे कासव एक फरशी ३४ सेकंदांत पार करते. याचा अर्थ ते स्वतःच्या अंगाएवढे अंतर साडेतेरा सेकंदांच्या आसपास कापते. दुसऱ्या गिअरमध्ये तीच फरशी दहा सेकंदांत आणि तिसऱ्यात अवघ्या तीन सेकंदांत ओलांडली जाते. दुकानदाराने खोके हातात देताना मोठ्या उत्साहाने सांगितले होते, “सर, तिसऱ्या गिअरवर टाका, मग बघा कसं पळतंय!” आणि पळते हे खरेच. प्रश्न इतकाच आहे की, एवढे मोठे कासव पळते का आणि पळाले तर किती.

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर चार्ल्स डार्विनचे आहे. १८३५ साली बीगल जहाज गॅलापागोस बेटांवर थांबले असताना त्याने एका मोठ्या कासवाची चाल पाहून नोंद केली, की ते दहा मिनिटांत ६० यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर चालले. त्याच चालीने तासाला ३६० यार्ड, अर्थात ३३० मीटर होतात, आणि वाटेत चरण्यासाठी थोडा वेळ सोडला तरी दिवसाला चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या जवळपास मजल पडते, असा हिशेब त्याने मांडला. सेकंदाच्या भाषेत सांगायचे तर ही गती नऊ सेंटिमीटर आहे. आता अशा कासवाची पाठ सव्वा मीटर लांब धरली, तर त्याला स्वतःच्या अंगाएवढे अंतर तोडायला साडेतेरा सेकंदांच्या वरच लागतात. आमच्या फरशीवरचे कासव पहिल्या गिअरमध्ये नेमके तेच करते. हे प्रमाण निर्मात्यांनी जाणूनबुजून साधले की योगायोगाने जुळले हे पुस्तिकेवरून कळत नाही, कारण पुस्तिकेत डार्विनच्या मोजणीचा उल्लेखच नाही. तरीही झाकणावरचा दावा पहिल्या गिअरपुरता अक्षरशः खरा ठरतो, हे मान्य करावे लागते आणि यासाठी निर्मात्यांना पूर्ण गुण द्यावेत असे माझे मत आहे.

दुसऱ्या गिअरचे गणित अधिक रंजक आहे. अंगाच्या लांबीच्या त्याच मापाने पाहिले, तर तो वेग खऱ्या आकाराच्या कासवासाठी ताशी १.१ किलोमीटर होतो. कासवाच्या वेगाचा गिनीज विक्रम ब्रिटनमधील डरहॅमजवळच्या ब्रासाइड येथील बर्टी नावाच्या कासवाच्या नावावर आहे. ९ जुलै २०१४ रोजी त्याने ५.४८ मीटरची धाव १९.५९ सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे सेकंदाला २८ सेंटिमीटर, तासाला एक किलोमीटर. त्यापूर्वीचा विक्रम १९७७चा होता आणि त्या कासवाला तेवढ्याच अंतरासाठी ४३.७ सेकंद लागले होते. शिवाय बर्टी हे महाकाय कासव नव्हे. ते आफ्रिकेतील लेपर्ड जातीचे, त्यांच्या मानाने बरेच लहान कासव आहे. तेव्हा अडीचशे किलोचा अल्डाब्रा नर किंवा चारशे किलोंपर्यंत वाढणारे गॅलापागोसचे कासव दुसऱ्या गिअरच्या वेगाने दूरवर चालत राहील, अशी अपेक्षा करण्याला आधार नाही. अन्न दिसले किंवा समोर प्रतिस्पर्धी नर आला, तर अशी कासवे थोडा वेळ लगबगीने चालतात, आणि त्या अर्थाने दुसरा गिअर ‘घाईत असलेले कासव’ म्हणून चालवून घेता येईल. तिसऱ्या गिअरला मात्र तीही सवलत देता येत नाही. त्याचा हिशेब ताशी पावणेचार किलोमीटरवर जातो. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने गप्पा मारत फिरणाऱ्या माणसांचा वेग साधारण तेवढा असतो. त्या वेगाने चालणारे महाकाय कासव कोणी पाहिलेले नाही.

तिसऱ्या गिअरमधील खोट केवळ आकड्यांची नाही, हे मॉडेल उलटे करून पाहिल्यावर लक्षात येते. पोटाच्या तळाशी, मागच्या पायांच्या किंचित पुढे, एक लहानसा रबरी रोलर बसवलेला आहे. जलद वेगात शरीराचा भार या रोलरवर असतो आणि पाय नुसते हवेत व फरशीवर घासत राहतात. चालण्याचे काम पाय करत नाहीत, ते फक्त दिसण्यापुरते हलतात. नातीच्या हे माझ्याआधी ध्यानात आले. “आबा, हा रोलर काढूया की,” असे म्हणून तिने दोन स्क्रू सैल केले आणि रोलर बाजूला ठेवला. रोलर काढल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये कासव जागच्या जागी थरथरते आणि कुशीवर पडते. पहिल्या गिअरमध्ये मात्र ते चारही पायांवर उभे राहून चालू लागते, आणि या संचाचे खरे मोल तिथून पुढे सुरू होते.

रोलरविना चालणारे हे मॉडेल सरळ, सपाट सरकत नाही. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय जवळपास एकदम उचलले जातात, शरीर क्षणभर उरलेल्या दोन पायांवर तोलले जाते, एका बाजूला व थोडे पुढे झुकते आणि पडायच्या बेतात असतानाच पुढचा पाय टेकून सावरते. मग तीच क्रिया दुसऱ्या तिरक्या जोडीने होते. एकंदर चाल भोयांच्या खांद्यावरील पालखीसारखी डुलत जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्यास ही जोडणीतली चूक वाटेल. वस्तुतः खरी कासवे अशीच चालतात. १९८०मध्ये जेस आणि अलेक्झांडर या संशोधकांनी कासवांच्या चालीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे डोलणे आणि झुकणे मोजले होते. संथ चालणाऱ्या चतुष्पादाने एका वेळी एकच पाय उचलावा आणि उरलेल्या तीन पायांच्या त्रिकोणात आपला भार ठेवावा, ही तोल सांभाळण्याची सर्वांत सुरक्षित रीत आहे. पण ती रीत सफाईने पाळण्यासाठी पायांवरील जोर चटकन कमी-जास्त करावा लागतो, आणि कासवाचे स्नायू तितके चटकन काम करत नाहीत. म्हणून ते थोडे पडत, थोडे सावरत पुढे जाते.

स्नायू मंद का, याचे उत्तर शरीराच्या खर्चात दडलेले आहे. कासवाचा स्नायू फार हळू आकसतो, परंतु तेवढ्याच कामासाठी तो कमी ऊर्जा घेतो, हे १९६८मध्ये वूलेज यांनी केलेल्या मोजमापांतून दिसून आले होते. त्यात कवचाची अडचण वेगळीच आहे. कवच हे अंगावर चढवलेले चिलखत नसून बरगड्या आणि पाठीचा कणा यांच्यापासूनच घडलेले असते, आणि खांद्याची हाडे बरगड्यांच्या आत बसलेली असतात. कुत्रा धावताना पाठ वाकवून पावलाची लांबी वाढवतो. कासवाची पाठ वाकतच नाही, त्यामुळे पाऊल लांब पडण्याला मर्यादा येते. या मॉडेलची पाठही अर्थातच ताठ आहे. निर्मात्यांनी तेवढ्यावरून काही शिकवण्याची संधी घेतली असती, तर पुस्तिकेची दोन पाने सार्थकी लागली असती.

वजन पेलण्याची चाचणी मुलांना सर्वांत आवडते, असे दिसले. स्वयंपाकघरातील अर्ध्या किलोचे लोखंडी माप कवचावर ठेवले, तरी पहिल्या गिअरमध्ये कासव थांबत नाही. आवाज खालच्या पट्टीत जातो, डुलणे कमी होते आणि ते फरशीचे अंतर थोडे उशिरा, पण कापते. दुसऱ्या गिअरमध्ये ते धापा टाकू लागते, आणि तिसऱ्यात मोटार अडते, तेव्हा ती लगेच बंद करावी. वेग सोडला की जोर मिळतो, हे गिअरचे तत्त्व सहावीच्या मुलीला शब्दांनी समजावण्यापेक्षा या मापाने पटकन कळते. योगायोग असा, की डार्विननेही गॅलापागोसच्या कासवांच्या पाठीवर बसून पाहिले होते. कवचाच्या मागच्या बाजूला थापट्या मारल्या की ती उठून चालू लागत, तोल सांभाळणे मात्र आपल्याला फार कठीण गेले, असे तो लिहितो. वर वर्णन केलेले डोलणे लक्षात घेतले, तर त्यात नवल नाही. आज जिवंत कासवावर कोणी बसू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता पुस्तिकेविषयी, आणि इथे मात्र माझी निराशा झाली. चोवीस पानांची ही पुस्तिका रंगीत आणि देखणी आहे, पण ज्या विषयावर संच उभा आहे, त्याच विषयात ती चुकते. महाकाय कासव ‘ताशी पाच किलोमीटर वेगाने धावू शकते’ असे विधान त्यात छापले आहे आणि शेजारी चित्र आहे सागरी कासवाचे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही गफलत लगेच कळेल. सागरी कासवांच्या पायांची वल्ही झालेली असतात, ती पाण्यात चपळ असतात आणि वाळूवर अंग ओढत जातात. महाकाय भूकासवांचे पाय खांबासारखे असतात आणि त्यांचे सगळे आयुष्य जमिनीवर जाते. एकाचा पोहण्याचा वेग दुसऱ्याच्या चालण्याच्या नावावर जमा करणे, ही मुलांच्या पुस्तिकेत न शोभणारी चूक आहे. तिसरा गिअर ठेवण्याची कल्पनाही बहुधा याच आकड्यातून निघाली असावी.

दुसरे विधान असे, की मंद असल्यामुळे महाकाय कासव ‘कधीही शिकार करू शकत नाही’. जुलै २०२०मध्ये सेशेल्समधील फ्रिगेट बेटावर एक अल्डाब्रा मादी नॉडी नावाच्या एका समुद्रपक्ष्याच्या पिल्लाच्या मागे लाकडाच्या ओंडक्यावरून सावकाश चालत गेली आणि शेवटी तिने ते मारून खाल्ले. याचे चित्रीकरण झाले आणि २०२१मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. पिल्लू अजून उडू शकत नव्हते आणि ओंडका सोडून खाली उतरायला ते तयार नव्हते. ओंडका संपत आला, तिथे त्याची वाट संपली. ही कासवे मुख्यतः गवतपाला खातात हे खरे आहे, पण ‘कधीही’ हा शब्द विज्ञानाच्या पुस्तिकेत जपून वापरायला हवा होता.

वेग आणि पल्ला यांतला फरक पुस्तिकेत कुठेच आलेला नाही, याची चुटपुट मला जास्त वाटते. गॅलापागोसमधील सांताक्रूझ बेटावर मोठ्या कासवांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून पाहिले असता, प्रौढ नर कोरड्या सखल भागातून डोंगराच्या ओलसर वरच्या उतारांवर आणि पुन्हा खाली, ऋतूप्रमाणे दहा किलोमीटरपर्यंत ये-जा करतात असे आढळले. पाण्याच्या झऱ्यांजवळ काही कासवे माना पुढे काढून लगबगीने वर निघालेली आणि काही पोटभर पाणी पिऊन परतणारी, असे दृश्य डार्विननेही नोंदवले आहे. ती रात्रीही चालतात आणि म्हणून अपेक्षेपेक्षा लवकर मुक्कामाला पोहोचतात, असे तेथील रहिवासी त्याला सांगत. त्याच्या दिवसाला चार मैलांच्या हिशेबाने कोल्हापुरातून निघालेले कासव पन्हाळ्याला तीन दिवसांच्या थोडे पुढे पोहोचेल, चढाची गोष्ट बाजूला ठेवली तर. याच्या उलट टोकाचे उदाहरण जपानमधले आहे. २०१७च्या ऑगस्टमध्ये ओकायामा प्रांतातील शिबुकावा येथील प्राणिसंग्रहालयातून एक महाकाय कासव निसटले, शोधून देणाऱ्याला पाच लाख येनचे बक्षीस जाहीर झाले आणि दोन आठवड्यांनी ते संग्रहालयापासून सुमारे १४० मीटरवरच्या झुडपांत सापडले. या वेळात ते नव्वद किलोमीटर जाऊ शकले असते. कासव किती वेगाने चालू शकते आणि ते चालायचे ठरवते का, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

त्यातच उन्हाचा प्रश्न येतो. शीतरक्ती असल्याने या प्राण्यांची हालचाल बाहेरच्या तापमानावर अवलंबून असते. सकाळी अंग तापल्याशिवाय ती निघत नाहीत आणि अल्डाब्राच्या उघड्या माळावर दुपारपूर्वी सावली गाठली नाही, तर उन्हाने मरतात. तेव्हा सावलीपर्यंतचे अंतर हाच त्यांच्या रोजच्या फेरीचा खरा हिशेब असतो. मॉडेलमध्ये हे दाखवता येणार नाही, परंतु पुस्तिकेत चार ओळींत लिहिता आले असते. त्या जागी ससा-कासवाची गोष्ट तीन पाने घेऊन बसली आहे.

सेवेबद्दल सांगायचे, तर आमच्या संचातील लहान गिअरचा एक दात तुटलेला निघाला. दुकानदाराने तिथल्या तिथे दुसरे खोके उघडून गिअर बदलून दिला आणि एक शब्दही बोलला नाही; निर्मात्याच्या ग्राहक-सेवेचा क्रमांक मात्र कोणी उचलत नाही. त्याच दुकानात आमच्यासमोर एका गृहस्थांनी “खरं कासव मिळंल का हो कुठं?” अशी चौकशी केली. आपल्याकडील तारांकित कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि ते पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, हे दुकानदाराने त्यांना नीट समजावले, याचेही कौतुक वाटले.

किमतीच्या मानाने संच वाईट नाही. दहा वर्षांपुढच्या मुलांना तो मोठ्यांच्या थोड्या मदतीने जोडता येईल. त्याहून लहान मुलांच्या हाती बारीक स्क्रू देऊ नयेत. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून तळपायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवावेत, चाल लगेच सुधारते. सतरंजीवर ते उत्तम चालते. साधे सेल लवकर उतरतात आणि उतरत्या सेलवर मोजलेला वेग फसवा येतो, त्यामुळे मोजणी करायची असेल तर सेल नवे घालावेत. पुस्तिका मुलांच्या हाती देण्यापूर्वी वेगाच्या पानावर पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवावी. खरेदीच्या वेळी दुकानातच खोके उघडून क्रँकची जोडी आणि लहान गिअर तपासून घ्यावेत. रोलरची पुडी त्यात नसली, तरी काही अडणार नाही.